घोटा थंड झाला म्हणजे बरा झाला का?

पत्राचा सारांश: मुलींच्या एका व्हॉलीबॉल संघाच्या प्रशिक्षिकेने हे पत्र पाठवलं आहे. त्यांच्या संघातल्या दोघींचा घोटा साधारण एकाच सुमारास मुरगळला. एक सेटर, म्हणजे फटका मारणारीला चेंडू उचलून देणारी, दुसरी ब्लॉकर, म्हणजे नेटजवळ उडी मारून फटका अडवणारी. दोघींच्याही बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याला, इजा झाली, हाड मोडलं नव्हतं. आता सात आठवडे होत आले. प्रशिक्षिकेने मोबाइलला जोडायचा थर्मल कॅमेरा घेतला आहे. रोज सरावाआधी दोघींच्या घोट्यांचे फोटो काढून त्या संघाच्या ग्रुपवर टाकतात. सेटरचा दुखावलेला घोटा आता दुसऱ्या घोट्याइतकाच थंड दिसतो, पण ती म्हणते, ‘उडी मारून उतरताना पाय सटकतो, भीती वाटते.’ ब्लॉकरचा घोटा चित्रात अजून लालभडक आहे, पण तिला काहीच त्रास नाही आणि फिजिओथेरपिस्टने पूर्ण सरावाची परवानगीही दिली आहे. प्रशिक्षिकेला आता नियम करायचा आहे: दोन घोट्यांच्या तापमानातला फरक अर्ध्या अंशाच्या आत आला तर मैदानात, नाही तर बाकावर. ‘एक मुलगी घाबरट आहे, दुसरी हट्टी. कॅमेरा तरी खोटं बोलत नाही,’ असं त्या लिहितात. हा नियम योग्य आहे का आणि खेळताना घोट्याला ब्रेस (आधाराचा पट्टा) किती काळ लावावा, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

कॅमेरा खोटं बोलत नाही, हे मला मान्य आहे. पण त्याला विचारलंच नाही त्याचं उत्तरही तो देत नाही. तुम्हाला जाणून घ्यायचंय, हा घोटा उडीनंतरचा भार पेलेल का. तो सांगतोय, या क्षणी घोट्यावरची कातडी किती गरम आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, पण तुम्ही धरलाय तितका जवळचा नाही. तुमच्या नियमाने उद्या जिचा पाय सटकतो ती खेळेल आणि जी ठणठणीत आहे ती बाकावर बसेल. पहिलाच निकाल असा उलटा लागत असेल, तर खोट मुलींत शोधण्याआधी नियमात शोधावी.

थर्मल कॅमेरा त्वचेतून बाहेर पडणारे इन्फ्रारेड किरण टिपतो. हे किरण कातडीच्या अगदी वरच्या थरातून येतात. आतलं लिगामेंट, सांध्याची पोकळी, हाडावरची कूर्चा यातलं काहीच त्याला दिसत नाही. आत दाह चालू असला, तिथला रक्तपुरवठा वाढला, तर ती ऊब वर येते. घोट्यावर मांस आणि चरबी कमी, त्यामुळे मांडीपेक्षा इथे ती बरी दिसते. म्हणून क्रीडावैद्यकात ही पद्धत वापरतात आणि मी तिला नावं ठेवणार नाही. इजेनंतरच्या सुरुवातीच्या काळात दाह ओसरतोय की रेंगाळतोय, याचा अंदाज तिच्यावरून येतो.

पण लिगामेंट भरून येण्याचं वेळापत्रक दाहापेक्षा फार लांबचं. दाहाचा जोर पहिले काही दिवस. मग काही आठवडे नवे तंतू घाईघाईने, वेडेवाकडे घातले जातात. ते भाराच्या दिशेने नीट बसून घट्ट होण्याचं काम महिनोन्महिने, कधी वर्षभर चालतं, आणि त्या काळात वरून ऊब जाणवेलच असं नाही. सातव्या आठवड्यात सेटरचा घोटा थंड आहे याचा अर्थ दाह बहुधा ओसरला, एवढाच. तिचा पाय सटकणार की नाही, हे दुसऱ्याच दोन गोष्टींवर ठरतं: तंतू किती घट्ट झाले, आणि पाय वळायला लागताच घोट्याच्या बाहेरचे स्नायू वेळेवर आवळले जातात का. या दोन्हींचं तापमान घेता येत नाही.

आता ब्लॉकरचा लालभडक घोटा. मला तुमच्या सरावाच्या जागी येऊन पाहता आलं असतं तर सगळ्यात आधी तुमच्या फोनमधलं एक सेटिंग पाहिलं असतं. कॅमेऱ्याला लाल-निळं काही दिसत नाही. त्याला आकडे मिळतात आणि रंग सॉफ्टवेअर भरतं. बहुतेक उपकरणांत हे रंग आपोआप ताणले जातात. चौकटीत जे सर्वांत गरम ते लाल किंवा पांढरं, जे सर्वांत थंड ते निळं किंवा काळं. त्यामुळे दोन घोट्यांत तीन अंशांचा फरक असो वा अर्ध्या अंशाचा, चित्र तितकंच भडक दिसू शकतं. चौकटीत मागे गार फरशी आली तर रंग एक, कोणी मागून चालत गेलं तर रंग दुसरा. कालचं आणि आजचं चित्र शेजारी ठेवून ‘अजून लालच आहे’ असं तुम्ही म्हणत असाल, तर कदाचित रंग भरण्याच्या दोन वेगळ्या पट्ट्यांची तुलना चाललेली असेल. ही पट्टी एका जागी बांधून टाका, उदाहरणार्थ 22 ते 36 अंश सेल्सिअस, आणि तीच कायम ठेवा. ब्लॉकरचा निम्मा लाल रंग तिथेच उतरला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

उरलेल्या निम्म्याचीही साधी कारणं असू शकतात. फोटोच्या जरा आधी तिने ब्रेस किंवा पट्टी काढली असेल. तिच्याखाली कातडी उबदार राहते. ती धावत, घाईने आली असेल. त्या पायावर वेदनाशामक मलम चोळलं असेल. मलमाने कातडीचा रक्तपुरवठाही बदलतो आणि किरण बाहेर पडण्याची रीतही. एक पाय खिडकीतल्या उन्हात असेल. उलट बाजूनेही पाहा. सेटर घाबरलेली आहे, तेव्हा सरावाआधी बर्फ लावत असेल का? बर्फाने गार झालेली कातडी पूर्ववत व्हायला तासाभराहूनही जास्त वेळ लागू शकतो. तो ‘थंड’ घोटा बर्फाची करणी असेल तर त्याचा बरं होण्याशी काहीच संबंध नाही.

अर्धा अंश हा आकडा तुम्ही हवेतून काढलेला नाही, हे मी मानते. निरोगी माणसाच्या शरीराच्या डाव्या-उजव्या बाजूंत विश्रांतीच्या वेळी सहसा एवढाच किंवा याहून कमी फरक सापडतो. पण तो स्थिर तापमानाच्या खोलीत, चांगल्या कॅमेऱ्याने मोजलेला असतो, आणि हातापायांच्या टोकांकडे हा फरक मुळातच जास्त हलता असतो. फोनला जोडायच्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात अचूकता अधिक-उणे 3 अंश अशी दिलेली असते. दोन्ही पाय एकाच चित्रात घेतले तर यातली बरीचशी चूक दोन्हीकडे सारखी पडते, हे खरं आहे. म्हणून दोन पायांतला फरक हा एकेका पायाच्या आकड्यापेक्षा भरवशाचा. तरीही अशा उपकरणावर अर्ध्या अंशाच्या रेषेने कुणाला मैदानात पाठवणं आणि कुणाला बाकावर बसवणं मला धाडसाचं वाटतं. शिवाय तुलनेचा दुसरा पाय ‘निरोगी’ असतो, हेही गृहीतच आहे. सात आठवडे लंगडत, सगळा भार त्याच्यावर टाकत काढलेले असतात. तोही तापलेला असू शकतो.

मग तापमानावर नियम चालतो असं काही ठिकाण आहे का? आहे, आणि ते पाहिलं की तुमच्या प्रश्नाचं मूळ हाती लागतं. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे, अशा लोकांना घरी रोज तळव्यांवरच्या ठरावीक जागांचं तापमान घ्यायला सांगून चाचण्या झाल्या. दोन पायांच्या त्याच जागेत 2.2 अंशांपेक्षा जास्त फरक सलग दिसला की चालणं कमी करायचं आणि दवाखान्यात कळवायचं. 2004 ते 2007 या काळात प्रसिद्ध झालेल्या अशा चाचण्यांत जखमांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. तिथे नियम का चालला? रेषा अर्ध्या अंशाची नव्हती, चांगली रुंद होती. रेषा ओलांडली की काय करायचं हे ठरलेलं होतं. आणि मुख्य म्हणजे त्या माणसांना दुखतच नाही. वेदना गेल्यामुळे उष्णतेला तिच्या जागी बोलावं लागतं.

तुमच्या मुलींच्या पायाला संवेदना आहे. एक तर तोंडाने सांगतेय की उतरताना सटकतं. बधिर पायासाठी काढलेली युक्ती तुम्ही बोलणाऱ्या पायावर वापरताय आणि ती वापरताना त्याचं बोलणंच ऐकेनासं केलंय.

‘सटकतं’ या तक्रारीला क्रीडावैद्यकात मोठं वजन आहे. घोटा मुरगळल्यानंतर काहींचा सांधा कायमचा अस्थिर राहतो, पुन्हा पुन्हा वळतो, आणि पाय दगा देतो ही त्या अस्थिरतेची ओळखीची खूण आहे. 2021 मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने घोटा मुरगळल्यावर खेळात परतताना काय तपासावं यावर सहमती जाहीर केली. त्यात पाच गोष्टी आहेत: वेदना, घोट्याची हालचाल आणि ताकद, खेळाडूला स्वतःला वाटणारा भरवसा, तोल सांभाळणं, आणि खेळातली प्रत्यक्ष कामगिरी. तिसरी गोष्ट पुन्हा वाचा. खेळाडूला वाटणारा भरवसा तिथे तपासणीचा भाग आहे. त्या पाचांत तापमान नाही. सेटरला घाबरट म्हणण्याआधी तिला डॉक्टरकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा पाठवा आणि तिचे शब्द तसेच्या तसे त्यांच्या कानावर घालायला सांगा. सांधा हाताने पुढे ओढून सैलपणा पाहता येतो. नडगीच्या दोन हाडांना घोट्याच्या जरा वर एकमेकांशी बांधणारं लिगामेंट दुखावलंय का, घोट्याच्या हाडावरची कूर्चा निखळलीय का, बाहेरच्या बाजूच्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी खोबणीतून सरकतेय का, हेही पाहावं लागेल. गरज पडली तर एमआरआय. यातलं बरंचसं कातडी थंड असतानाही आत असू शकतं. आणि समजा यातलं काहीच निघालं नाही, नुसती भीतीच निघाली, तरी ती भीती घेऊन उडी मारणारी मुलगी अवघडून उतरते. तिला बाकावर किंवा मैदानावर ढकलण्यापेक्षा पायरीपायरीने उतरायला शिकवणं हे तुमच्या हातातलं काम आहे.

तुम्ही नियमाच्या मागे का लागलात, हे मला समजतं. एकीला थांबवलं आणि दुसरीला खेळवलं की संघात कुजबुज होते. आकडा दाखवला की वाद मिटतो. पण सर्वांना एकच आकडा लावणं हाच न्याय असं कुठे आहे? सर्वांना त्याच चाचण्या, त्याच क्रमाने, तोच माणूस घेतो, हाही न्यायच आहे. या चाचण्यांना लागतात एक टेप, एक भिंत आणि एक घड्याळ. पाऊल जमिनीवर टेकलेलं ठेवून गुडघा भिंतीला लावायचा आणि टाच न उचलता अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते मोजायचं. दोन पायांत दीड-दोन सेंटीमीटरहून जास्त फरक राहिला तर सांधा अजून आखडलेला आहे. एका पायावर डोळे मिटून उभं राहणं. एका पायावर टाचा उचलणं, दमेपर्यंत, दोन्ही पायांची मोजणी वेगळी. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे आणि तिरका मागे जितका लांब नेता येईल तितका नेणं. मग एका पायाच्या उड्या, पुढे आणि बाजूला. हे जमलं की खेळातलं: ब्लॉकची उडी, ब्लॉकसाठी बाजूला सरकून उडी, आणि शेवटी समोर दुसरी खेळाडू असताना उडी. व्हॉलीबॉलमध्ये घोटे मुरगळतात ते बहुतांशी नेटजवळ, उतरताना दुसऱ्याच्या पावलावर पाऊल पडून. हा प्रसंग परतीच्या सरावात येणार नसेल, तर तो थेट सामन्यातच येईल.

कॅमेरा मग कपाटात टाकायचा का? मुळीच नाही. परवाना देण्याच्या कामावरून काढा आणि प्रश्न विचारायच्या कामावर लावा. माझ्या मते त्याचा सर्वांत चांगला उपयोग भाराला मिळालेलं उत्तर पाहण्याचा आहे. सराव वाढवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो घ्या. दोन पायांतला फरक त्या मुलीच्या नेहमीच्या फरकापेक्षा वाढलेला दिसला, सोबत सूज किंवा जडपणा असला, तर दोन दिवस उड्या कमी करा. नुसता फोटो वाढीव आणि बाकी सगळं ठीक, तर फक्त लक्ष ठेवा. तुलना तिची तिच्याशीच, सेटरची ब्लॉकरशी नाही.

फोटोला शिस्त मात्र हवी. 2017 मध्ये याच विषयावर तज्ज्ञांनी पंधरा मुद्द्यांची तपासयादी तयार केली. त्यातलं तुम्हाला जमण्यासारखं सांगते. तीच खोली, पंखा आणि ऊन नको, तापमान 18 ते 25 अंशांच्या दरम्यान आणि रोज जवळपास सारखं. मोजे, पट्टी, ब्रेस काढून दहा-पंधरा मिनिटं स्वस्थ बसवा, पावलं गार फरशीवर टेकू न देता. त्याआधीच्या काही तासांत बर्फ, मलम, मालिश, व्यायाम काही नाही, चहा-कॉफीही नाही. कॅमेरा समोरून, सरळ, ठरलेल्या अंतरावरून. तिरका धरला तर कडेच्या गोलाव्यावरचे आकडे चुकतात. दोन्ही घोटे एकाच चौकटीत. सर्वांत लाल ठिपक्याचा आकडा घेऊ नका. दोन्ही बाजूंना सारख्याच आकाराच्या छोट्या भागाची सरासरी घ्या. सरावाआधी गडबडीत रोज काढलेल्या फोटोंपेक्षा आठवड्यातून दोनदा असे नीट काढलेले फोटो तुम्हाला जास्त सांगतील.

आणि ते ग्रुपवर टाकणं आजपासून बंद करा. ही त्या मुलींच्या तब्येतीची माहिती आहे. रोज सगळ्यांसमोर आपला लाल घोटा पाहणारी मुलगी पुढच्या वेळी दुखलं तर सांगेल का? तुमच्या पत्रातल्या हट्टीपणाला या ग्रुपचाही थोडा हातभार असावा, अशी मला शंका आहे.

‘थंड म्हणजे बरा’ हे समीकरण एका ठिकाणी तर धोक्याचंच ठरतं. इजेनंतर काहींना सीआरपीएस नावाचा वेदनेचा विकार होतो: इजेच्या मानाने खूपच जास्त, जळजळणारं दुखणं, स्पर्शही सहन न होणं, कातडीचा रंग आणि घाम बदलणं. यात दुखरा पाय दुसऱ्यापेक्षा गरम असू शकतो, तसाच थंडही. एका अंशाहून जास्त फरक हे त्याच्या निदानाच्या निकषांतलं एक लक्षण आहे. तसंच घोटा गरम, लाल आणि अंगात ताप, किंवा पाय बरेच दिवस बांधून ठेवल्यावर पोटरी सुजून दुखायला लागणं. इथे पुढचा फोटो काढायची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. नव्याने मुरगळलेल्या पायाचं हाड मोडलं नसल्याची खात्रीही थर्मल चित्रावरून करू नये. चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, करंगळीच्या बाजूच्या हाडाचं बूड किंवा पावलाच्या आतल्या बाजूचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे. कॅनडात 1992 मध्ये मांडलेले हे ओटावा नियम आजही जगभर वापरात आहेत.

तुमच्या दोघींचं तूर्त असं करा. ब्लॉकरला तिच्या फिजिओथेरपिस्टने सोडलंय, तिला खेळू द्या. वरच्या चाचण्या एकदा तुमच्यासमोर करून घ्या आणि पुढचे काही आठवडे मोठ्या सरावानंतरच्या सकाळचे फोटो ठेवा. सेटरला तपासणी होईपर्यंत उड्यांशिवायचा सराव द्या. जागेवर उभं राहून सेट करायला तिला कोणी अडवलेलं नाही.

राहिला ब्रेस. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता ब्रेसने कमी होते, हे बऱ्यापैकी सिद्ध झालेलं आहे, आणि दोरीचा किंवा बिजागरीचा ब्रेस घातल्याने स्नायू ‘आळशी’ होतात या समजुतीला फारसा आधार नाही. सराव आणि सामन्यात किमान सहा महिने, जमल्यास वर्षभर लावू द्या. सोबत तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा. तेही पुन्हा मुरगळणं कमी करतात आणि ब्रेस सुटल्यावरही चालू ठेवायचे असतात. घरात, चालताना, झोपताना ब्रेसची गरज नाही. फोटोच्या दिवशी तो किती वाजता काढला, तेवढं मात्र वहीत लिहून ठेवा.